एकाच दिवशी दोन बाप्तिस्मे



सांची आणि भरहुत इथल्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावं आहेत. भोगवर्धन म्हणजे केळना नदीच्या काठचं हे आपलं भोकरदन. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माणूस दूर जाऊन दान देत होता आणि दगडावर गावाबरोबर स्वतःचं नावही कोरून घेत होता. भक्ती त्याला घरातून मिळाली असेल, दान मात्र त्याचं होतं. ख्रिस्ती श्रद्धेविषयी आज बोलताना मला हाच फरक तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला. तो अजाण म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत रण माजलं. पत्रकार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले. त्या पिढीला विश्वासाची किंमत अशी मोजावी लागत होती. पुढे याच शेषाद्रींनी जालन्याजवळ, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

आता अशा गावात जन्मलेल्या मुलाचा विचार करा. त्याला कुणी वाळीत टाकलं नाही, कुठल्या न्यायालयात उभं राहावं लागलं नाही. आईच्या कडेवर असताना बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या रजिस्टरात नाव चढलं, रविवारची शाळा, नाताळ, जेवणाआधीची प्रार्थना हे सगळं आपोआप आलं. तू ख्रिस्ती कसा, असं विचारलं तर तो म्हणेल, आमचं घरच ख्रिस्ती आहे. या उत्तराला मी कमी लेखत नाही. देवाशी बोलायचे पहिले शब्द आजीच्या तोंडूनच कानावर पडतात. पण आजीचा देवाशी जो संबंध होता, तो तिच्याबरोबर गेला. नातवाला प्रार्थना मिळाली. ती ज्याच्याशी करायची त्याची ओळख त्याची त्यालाच करून घ्यावी लागते.

आणि ही अडचण फक्त जन्माने ख्रिस्ती असणाऱ्यांची नाही. ज्यांनी जाणतेपणी धर्म स्वीकारला त्यांच्याही वाट्याला ती येते. पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला यासाठीच फार मोलाचं वाटतं.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. आई पंचवीस वर्षांची, संस्कृत शास्त्रांत मुरलेली, वाद घालून पटल्याशिवाय काही न मानणारी. आणि दोन वर्षांचं लेकरू, ज्याला काय चाललंय हेही कळत नव्हतं. एकीची निवड, दुसरीचा वारसा. आपण म्हणू की आईला सगळं मिळालं आणि मुलीला अजून मिळायचं होतं. रमाबाईंनी स्वतः मात्र नंतर आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिलं, की त्या दिवशी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

त्यानंतरची आठ वर्षं रमाबाई गप्प बसल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचं मत, ख्रिस्ताचं देवपण, चर्चचा अधिकार, एकेक गोष्ट त्या उलटून पाहतात. जेराल्डीनबाईंना हा अहंकार वाटला. मला त्यात भूक दिसते. शेवटी 1891 च्या सुमारास, विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन सुरू झालेलं असताना, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. हे गृहस्थ अनेक वर्षं उपदेशपीठावरून बोलत होते, आणि एका रविवारी स्वतःचं प्रवचन देता देताच त्यांना कळलं की आपण ज्याच्याविषयी सांगतो त्याला आपण ओळखतच नाही. रमाबाईंनी त्यात स्वतःला पाहिलं. आपलं पांडित्य, आपली सेवा, आपला बाप्तिस्मा यांवर टेकणं त्यांनी सोडलं आणि जशा होत्या तशा ख्रिस्तापुढे गेल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, म्हणून त्या झाल्या नाहीत. ताटातूट सोसली, जातिभेद देवाने केला की माणसाने याचा स्वतःच विचार केला, आणि आपल्या वेळेला ख्रिस्ताकडे आल्या. नवऱ्याचा विश्वास उसना घेतला नाही. टिळकांनी तर 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही.

देवाशी वैयक्तिक नातं म्हटलं की काहींना तो खोलीचं दार लावून करायचा खासगी प्रकार वाटतो. रमाबाईंकडे पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. मनोरमाही तिथेच राबली, आणि निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यात तिने शाळा काढली. आईच्या कडेवरून मिळालेला विश्वास तिचा स्वतःचा झाला होता, हे त्या कामावरून मला दिसतं.

म्हणून इथे बसलेल्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातली तरुण मुलं विचारू लागली की मी चर्चला का यावं, प्रार्थना कोण ऐकतं, तर त्यांच्यावर रागावू नका आणि लगेच पाळकांकडे धाडूही नका. जवळ बसवा. तुमच्या स्वतःच्या शंका त्यांना सांगा. ऐकलेली उत्तरं देण्याऐवजी, देवाने तुम्हाला कधी आणि कसं सावरलं ते सांगा. काही सांगता आलं नाही, तर त्यांच्याबरोबर शोधायला बसा.

रमाबाई शेवटपर्यंत शोधत राहिल्या. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि खेड्यातल्या बाईलाही वाचून समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल मुळातून उतरवायला घेतलं. 1921 साली मनोरमा गेली, तरी ते काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि त्यांचं संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर आलं ते त्यानंतर.