जवळजवळ तयार

जबलपूर शहराचे आणि ‘जोडणी’ या शब्दाचे नाते जुने आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. भारतीय सेनेत पुष्कळ वर्षे धावलेली ‘जोंगा’ ही गाडी अनेक श्रोत्यांना आठवत असेल. नाव ऐकून ते एखाद्या आफ्रिकी नदीचे असावे असे वाटते. वस्तुतः ‘जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातील जोडणी’ अशा अर्थाच्या एका लांबलचक इंग्रजी नावाचे ते संक्षिप्त रूप होय. मूळ आराखडा जपानच्या निस्सान कंपनीचा, जोडणी जबलपूरची. २०१९ साली सेनेच्या स्वाधीन झालेल्या ‘धनुष’ तोफाही याच गावच्या. तेव्हा सुटे भाग समोर मांडून त्यांतून चालती वस्तू उभी करणे, हे येथील कित्येक घरांत, मराठी घरांतही, रोजच्या भाकरीचे काम राहिले आहे.

अशा गावातील एखाद्या घरी एके दिवशी हातभर रुंदीचे आणि पुरुषभर लांबीचे एक खोके येऊन पडते. आत असते बिनतारी यंत्राने चालवायचे विमान; खेळण्याचे म्हणावे तर फार मोठे, खरे म्हणावे तर फार लहान. पंखांचा विस्तार दीड मीटर, वजन सगळे साहित्य बसविल्यावर दोन-अडीच किलो. खोक्यावर इंग्रजीत छापलेले असते, ‘ऑलमोस्ट रेडी टु फ्लाय’. म्हणजे उड्डाणास जवळजवळ तयार. या छंदातील मंडळी त्याला नुसते ‘एआरएफ’ म्हणतात. पुढच्या साऱ्या गोष्टीचा भार ‘जवळजवळ’ या एका शब्दावर आहे.

पूर्वी असे नव्हते. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ साली आपले बिनतारी विमान उडविले, तेव्हा त्यांनी सांगाड्यापासून बिनतारी यंत्रापर्यंत सारे हाताने केले होते. त्यानंतरही कित्येक दशके छंदी माणूस नकाशा टेबलावर पसरून, बाल्साच्या पातळ फळीतून पंखाची एकेक फासळी कापीत बसे. बाल्सा हे मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येणारे लाकूड. सागाच्या चौथाईइतकेही त्याचे वजन भरत नाही. असे विमान पुरे व्हायला महिने लागत. आता फासळ्या कापणे, चिकटविणे, वर रंगीत पातळ आवरण ताणून बसविणे, हे सारे कारखान्यात होऊन येते. राहते ते तीनचार संध्याकाळचे काम. पंखाचे दोन अर्धे जोडायचे, शेपूट बसवायची, बिजागऱ्या पक्क्या करायच्या, मोटर किंवा इंजिन लावायचे, आणि सुकाणू हलविणाऱ्या ‘सर्व्हो’ नावाच्या छोट्या यंत्रांना तारा जोडायच्या. कारखान्याने शंभरातले नव्वद काम केले, उरलेले दहा सोपे, असे खोके उघडणाऱ्याला वाटते. ते दहा कोणते, हे पाहिले म्हणजे मात्र मत बदलते.

शेपटीचेच घ्या. शेपटीचे आडवे पाते धडाच्या खाचेत सरकवून चिकटवायचे असते. पण त्यावर कारखान्याने गुळगुळीत आवरण चढविलेले असते, आणि आवरणाला चिकटलेला इपॉक्सी लाकडाला धरत नाही. म्हणून जोडाच्या जागेपुरते आवरण कापून काढावे लागते. नवखा माणूस धारदार पाते घेतो, रेघ आखतो आणि सरळ दाबून कापतो. आवरण सुटते, पण पात्याने खालच्या बाल्सावरही एक बारीक चर पाडलेला असतो. तो दिसत नाही. पुढे जोडाच्या आत त्याची कडा लपून जाते. विमान पहिल्यांदा वेगाने वर खेचले जाते त्या क्षणी शेपटीवर जो ताण येतो, तो नेमका त्या चरावर एकवटतो, आणि पाते तेथेच मोडते. जाणते लोक पाते वापरतच नाहीत. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक पट्टीच्या कडेने हलकेच फिरवितात. आवरण वितळून तुटते, लाकूड शाबूत राहते. एवढ्याशा फरकावर संबंध विमान अवलंबून असते.

चिकटविण्यापूर्वी मोजमाप. सुताराचा गुण्या येथे देवासारखा उपयोगी पडतो. उभे पाते आडव्याशी काटकोनात हवे. आडव्या पात्याची दोन्ही टोके पंखाच्या आपापल्या बाजूच्या टोकापासून सारख्या अंतरावर हवीत. दोऱ्याच्या एका तुकड्याने हे मोजता येते. मागून पाहिले असता पंख आणि शेपूट एकमेकांशी समांतर दिसावीत. इपॉक्सी घट्ट व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात काय दुरुस्त करायचे ते करून घ्यावे. नंतर सुधारणा नाही.

बिजागऱ्यांचे काम तर अगदीच क्षुल्लक दिसते. कागदासारख्या पातळ पट्ट्या खाचांत घालायच्या, पाण्यासारख्या पातळ डिंकाचे दोनतीन थेंब सोडायचे. काही सेकंदांत काम झाले. पण त्यानंतर प्रत्येक हलते पाते चिमटीत धरून चांगले ओढून पाहावे लागते. येथेच माणसाचा हात कचरतो. इतक्या नाजूक वस्तूला ओढायचे कसे? जमिनीवर हाताने ओढून निघाले, तर ते नशीबच समजावे.

आता गुरुत्वमध्य. जबलपुरात हा विषय समजावून सांगणे सोपे आहे. मदनमहालच्या टेकडीवर एका खडकावर दुसरा प्रचंड खडक टेकलेला आहे; स्पर्श एवढासा, आणि वरचा भार एवढा मोठा. २२ मे १९९७ रोजी या शहराला ५.८ परिमाणाचा भूकंप झाला, घरे पडली, माणसे दगावली. तो खडक मात्र जागचा हलला नाही. वजनाची उभी रेषा टेकूच्या आत पडते, एवढेच त्याचे रहस्य. विमानाचेही तसेच, पण टेकू येथे हवेचा असतो. पंखाची रुंदी पंचवीस सेंटिमीटर असेल, तर शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण सहा ते साडेसात सेंटिमीटरवर यावा लागतो. दोन बोटांवर पंख तोलून धरला असता विमान सपाट राहावे, किंवा नाक किंचित खाली झुकावे. नाक जड राहिले, तर विमान जड बैलासारखे रेटीत न्यावे लागते. तरी ते परत आणता येते. शेपूट जड राहिली, तर जमीन सोडताच नाक आपोआप वर जाऊ लागते, आणि ते सावरण्याइतका वेळ नवख्याला मिळत नाही.

कारखाना हा बिंदू ठरवून देऊ शकतो, साधून देऊ शकत नाही. कोणी जड मोटर लावतो, कोणी हलकी बॅटरी. कोणी शेपटीच्या जोडाला हात सैल सोडून डिंक ओततो. त्या सैल हाताची किंमत काढता येते. गुरुत्वमध्याच्या मागे ७५ सेंटिमीटरवर १० ग्रॅम डिंक जास्त झाला, तर त्याचा तोल सावरायला पुढे २५ सेंटिमीटरवर ३० ग्रॅम शिसे बांधावे लागते. म्हणजे निष्काळजीपणाचे १० आणि प्रायश्चित्ताचे ३०, असे ४० ग्रॅम ओझे विमानाने जन्मभर वाहायचे.

यानंतर जी गोष्ट येते, ती इतकी साधी की सांगणाऱ्यालाच संकोच वाटावा. पंखांच्या मागच्या कडेला दोन हलती पाती असतात, त्यांना एलेरॉन म्हणतात. हातातील यंत्राची दांडी उजवीकडे लोटली, की उजवे एलेरॉन वर उठले पाहिजे आणि डावे खाली गेले पाहिजे. तेव्हा विमान उजवीकडे कलते. तारा उलट जोडल्या गेल्या, तर दांडी उजवीकडे आणि विमान डावीकडे. गोंधळ होतो तो अशासाठी की, जोडणी करणारा बहुधा विमानाच्या नाकासमोर बसलेला असतो, आणि त्याचे उजवे ते विमानाचे डावे. आधुनिक यंत्रात दिशा उलटविण्याची कळ असते, शिवाय पाचदहा विमानांच्या मांडण्या त्यात साठविता येतात. म्हणून घरी बरोबर असलेले विमान मैदानावर भलत्याच मांडणीवर सुरू झाले, तर तेही उलटे वागते.

इतकी ढोबळ चूक कोण करील, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर इंग्लंडच्या विमानविद्येच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धातील प्रख्यात लँकेस्टर बाँबफेकी विमानाचा आराखडा करणारा रॉय चॅडविक हा त्या काळातील पहिल्या प्रतीचा विमानशिल्पी. २३ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्याच कंपनीच्या ‘ट्यूडर’ या नव्या विमानाच्या चाचणीसाठी तो वूडफर्डच्या धावपट्टीवरून निघाला. वैमानिक कसलेला होता. विमान जमिनीवरून उठले, कलू लागले. वैमानिकाने सावरण्यासाठी चाक फिरविले, तसे ते अधिकच कलले आणि कोसळले. चॅडविकसह चौघे गेले. कारण निघाले ते एवढेच, की दुरुस्तीच्या वेळी एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्या कारखान्यात कारागिरांची वाण नव्हती, ज्ञानाचीही नव्हती. कचेऱ्यांतही असेच घडते. एका कागदावर पाच सह्या असतात, आणि प्रत्येकाने आधीच्या सहीवर विश्वास ठेवलेला असतो.

म्हणून चांगल्या मंडळींत एक रीत आहे. ज्याने विमान जोडले, त्याने ते शेवटचे तपासायचे नाही. दुसऱ्या कोणी विमानाच्या मागे उभे राहून म्हणायचे, ‘उजवे’, ‘डावे’, ‘वर’, ‘खाली’; आणि डोळ्यांनी पाहून होकार द्यायचा. जबलपूरच्या घरात असा दुसरा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे काका शेजारी असतातच, आणि पुतण्याच्या कामात खोट काढण्याचा त्यांना अधिकारही असतो. ‘आता माझ्यादेखत पुन्हा एकदा हलवून दाखव,’ असे ते म्हणतात. मुलगा कंटाळतो, पण हलवून दाखवितो.

आणि हा काही केवळ पैशांच्या नुकसानीचा प्रश्न नव्हे. अडीच किलोचे विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्यातील गतिज ऊर्जा ५०० जूल भरते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्यात सुमारे १२० जूल असतात. म्हणजे जलदगती गोलंदाजाच्या चेंडूच्या चौपट आघात, आणि पुढे फिरणारा पंखा निराळा. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी छंदासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, पंचवीस किलोपर्यंतच्या अशा विमानांना वेगळी जागा दिली आहे. पण कोठे उडवायचे याची बंधने त्यांनाही आहेत. लष्करी कारखाने, छावणी आणि डुमन्याचा विमानतळ असलेल्या या शहरात सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय मैदान निवडणे हा शहाणपणा नव्हे.

दिवसही निवडावा लागतो. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांवर गेला, की जबलपूरच्या उंचीवरील हवा समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने विरळ होते. विमानाला उठायला अधिक वेग आणि अधिक लांब धाव लागते. शिवाय बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवलेल्या पंखाच्या आवरणाला सुरकुत्या पडतात, आणि त्या इस्त्रीने पुन्हा ताणाव्या लागतात. जानेवारीतील सकाळ सर्वांत चांगली. धुके विरलेले असते, वारा उठलेला नसतो.

मैदानावर आधी पल्ल्याची परीक्षा होते. यंत्राची शक्ती मुद्दाम कमी करून तीसएक पावले दूर जायचे, आणि तेथून पाती नीट हलतात की नाही ते पाहायचे. मग बिनतारी संबंध तुटल्यास मोटर आपोआप बंद पडेल अशी योजना केली आहे ना, तेही यंत्र बंद करून तपासायचे. त्या वेळी विमान कोणीतरी मागून घट्ट धरलेले असावे. एवढे झाल्यावर वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडतात. पहिल्या उड्डाणात कसरती नसतात. पुरेशी उंची घेऊन एकदोन फेऱ्या, दांडी सोडल्यावर विमान कोणत्या बाजूला ओढते याची पाहणी, त्याप्रमाणे किंचित दुरुस्ती, आणि चारपाच मिनिटांत उतरणे.

उतरलेले विमान लगेच पुन्हा उडवीत नाहीत. ते उलटे करून पंख सोडवितात, मोटरचे स्क्रू पिळून पाहतात. एखादा सैल झालेला असतोच. शेपटीच्या जोडावर बोट फिरवितात, आणि बिजागऱ्या एकेक करून पुन्हा ओढतात. ओढण्याचे काम या खेपेस काकांकडे असते.