स्वयंपाकघरातली बुचाची भिंत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गृहसजावटीवर बोला, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. सजावटीपेक्षा साफसफाईचे मला अधिक कळते. म्हणून त्यांच्या परवानगीने आज बुचाच्या भिंतीविषयी बोलते.

इंग्लंडात १९७० च्या दशकात स्वयंपाकघराच्या भिंतीला बुचाच्या टाइल्स लावण्याची मोठी टूम होती. आपल्यापैकी ज्यांनी त्या वेळची घरे घेतली, त्यांच्या वाट्याला ह्या टाइल्स आयत्याच आल्या. आज त्या शेगडीपाशी तेलकट, खिडकीपाशी उन्हाने फिकट आणि कोपऱ्यांत भुगा झालेल्या दिसतात. शिवाय वास! घर विकायला काढले की दलाल नाक मुरडून म्हणतो, सगळे खरवडून टाका. काही जणींनी तर शेजाऱ्यांच्या भिडेने घरात फोडणी देणेच सोडले आहे. मला हे पटत नाही. तो वास फोडणीचा नसतोच. भिंतीत महिनोन्महिने साचून खवट झालेल्या तेलाचा असतो, आणि त्यावर उपाय आहे.

बूच म्हटले की पुण्याकडच्या भगिनींना रस्त्यावर लांब दांड्यांच्या पांढऱ्या फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड आठवेल. हे बूच त्याचे नव्हे. हे ओकच्या एका जातीचे, मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वाढणाऱ्या झाडाच्या सालीचे. झाड तोडीत नाहीत, नुसती साल सोलतात. तीही झाड पंचवीसेक वर्षांचे झाल्यावर. पुढे पोर्तुगालात निदान नऊ वर्षे त्याला हात लावीत नाहीत. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचांना चालत नाही. ती आणि बुचे कापून उरलेला चुरा दळून, दाबून टाइल्स करतात. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यातल्या इवल्या कप्प्यांना जे नाव दिले, तेच आपण आज ‘सेल’ म्हणून शिकतो. हे कप्पे बंद असतात, म्हणून बूच पाणी चटकन पीत नाही. पण टाइल दाण्यांची असते. वरचे व्हार्निश झिजले की दाण्यादाण्यांमधल्या फटींतून तेल आत उतरते.

आता खरवडण्याविषयी, आणि हे मात्र नीट ऐका. त्या काळच्या काळ्या डांबरी गोंदात किंवा टाइल्समागच्या फळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. जागच्या जागी, न फुटता राहिले तर सहसा त्याचा उपद्रव नाही. खरवडले की तंतू उडून छातीत जातात, आणि त्याचे रोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतात. टाइल सुटून मागे काळा थर दिसला, तर तिथेच थांबा आणि जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. “आमचे हे रविवारी उरकतील,” असे म्हणण्यासारखे हे काम नव्हे.

टाइल्स घट्ट असतील तर काम आपल्या हातचे आहे. फ्रीजमागच्या टाइलवर पाण्याचा थेंब ठेवा, मग शेगडीजवळच्या टाइलवर. थेंब मोत्यासारखा राहिला तर वरचा थर शाबूत; डाग पडून आत मुरला तर टाइल उघडी पडली आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून, फडके घट्ट पिळून पुसावे. भिंत भिजवू नये. धुण्याचा सोडा तर नकोच, तीव्र क्षाराने बूच खराब होते. नखाने ओरखडून मेण निघत असेल तर शेगडी विझवून, खिडक्या उघडून, टर्पेंटाइनने ते आधी काढावे. मेणावर व्हार्निश धरत नाही.

पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा, नाकातोंडाला मास्क लावून. उन्हाने उडालेला रंग वरवरचाच असतो. खाली मूळचा तपकिरी रंग निघतो. हा भुगा टाकू नका. थोड्या व्हार्निशमध्ये कालवून तुटलेल्या कोपऱ्यांत भरा, दुसऱ्याला ओळखूसुद्धा येणार नाही. मग पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. कोणी जवसाचे तेल सुचवितात. मी सुचविणार नाही; त्याची चिंधी चुरगळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते.

हळदीचा जुना डाग सगळा जाईलच असे नाही. बुचाच्या रंगात तो खपून जातो, माझ्या मते तेवढे पुरे.

शेगडीच्या ज्वाळेलगत मात्र बूच ठेवू नये. तेवढ्या जागेपुढे स्टीलचा पत्रा किंवा चिनी मातीच्या टाइल्स हव्यात. ते काम कारागिराकडून करून घ्यावे.

साफ केलेली एक टाइल आणि तिच्याच जोडीची न केलेली एक, अशा दोन्ही चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. हात लावून पाहा, वासही घेऊन पाहा.