प्राणवायू आणि पहिले शिकारी



अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या आपल्या किनाऱ्याचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पृथ्वीवरचे पहिले प्राणी त्यात सापडायचे नाहीत, ते कितीतरी आधीचे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर मिस्टेकन पॉइंट नावाची जागा आहे. तिथल्या खडकांवर सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ अंगाच्या जिवांचे ठसे आहेत. नेच्याच्या पानांसारखे ते दिसतात, काही तर हातभर लांब. तोंडाचा, पायांचा मागमूस नाही. त्या काळी खोल समुद्रात प्राणवायू आजच्या मानाने फार थोडा होता.

असे प्राणवायूला पारखे पाणी आजही आहे, आणि ते आपल्याच अरबी समुद्रात आहे. किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपला की सुमारे दीडशे मीटर खोलीपासून हजार मीटरपर्यंत हा थर लागतो. वरच्या पाण्यात लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. इथे त्याचा दहावा हिस्साही उरत नाही. वर सूक्ष्म वनस्पतींचे अमाप पीक येते, मेल्यावर ते खाली उतरते, आणि ते कुजवताना जीवाणू प्राणवायू संपवून टाकतात. उत्तरेला जमीन असल्यामुळे तिकडून ताजे पाणी यायला वाटही नाही.

१९३३-३४ साली ‘मबाहिस’ हे इजिप्शियन जहाज सीमोर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राच्या पाहणीवर निघाले होते. मुंबई बंदरातही ते आले होते. अरबस्तानाच्या बाजूला या खोलीवर त्यांनी तळाशी जाळे ओढले, तर ते जवळजवळ रिकामेच वर आले. चिखलाला सडक्या अंड्यांसारखा वास होता. इथे प्राणी नाहीतच, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

पुढच्या संशोधकांनी तोच गाळ बारीक चाळणीतून काढला, तेव्हा चित्र बदलले. त्यात किडे होते! बारीक, लहान, गाळातले सेंद्रिय कण खाऊन राहणारे. २०१३ मध्ये एरिक स्पर्लिंग, लिसा लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा थरांतल्या किड्यांचा आहार तपासला. प्राणवायू जसजसा घटतो, तसतसे दुसऱ्याला मारून खाणारे कमी होत जातात. पाठलाग करायचा, भक्ष्य पचवायचे, तर शक्ती लागते आणि शक्तीला प्राणवायू लागतो.

मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचे वाटते. नुसते जगायला थोडका प्राणवायू पुरतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेन्मार्कच्या खाडीतला एक स्पंज आजच्या चार टक्क्यांहूनही कमी प्राणवायूवर तगला. पण शिकारी निपजायला जास्त लागतो. आणि सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी शिकारी आले तेव्हाच कवच, डोळे, बिळात दडणे, ही सारी धडपड सुरू झाली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. आधी प्राणवायू वाढला की प्राण्यांनीच पाणी गाळून तो वाढवला, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

याचा संबंध आजच्या मासेमारीशीही आहे. पावसाळ्यात हे कमी प्राणवायूचे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळावर चढते. वर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर असतो, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात स्थिती सर्वांत बिकट होते, गोवा-कारवारकडे विशेष. तळाचे मासे अशा पाण्यातून बाजूला होतात. नारळी पौर्णिमेनंतर आपल्या होड्या दर्यात उतरतात, ते हेच दिवस.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९७ पासून या पाण्याची मोजणी चालवली आहे. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. त्याच चिकाटीने त्या वेधशाळेसमोरच्या पाण्यातला प्राणवायूही बारा महिने मोजला जावा, आणि त्याचे आकडे रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळी बांधवांना मराठीत, वेळेवर मिळावेत.