तळ्याकाठची जमीन आणि तिचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कायदेपंडित नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि आयुष्य फायलींत गेले. पण त्या फायली निराळ्या खात्याच्या. महसुलाच्या दप्तराशी माझा संबंध आला तो अर्जदार म्हणून, नकलेसाठी रांगेत उभा राहणारा एक सामान्य माणूस म्हणून. परंतु कार्यवाह म्हणाले, “तेच सांगा. आपल्यापैकी निम्म्या घरांना त्याचा उपयोग होईल.” म्हणून उभा आहे.

रायपूर हे तळ्यांचे गाव. छत्तीसगडात एखाद्या गावची श्रीमंती सांगायची तर ‘छै आगर छै कोरी’ तळी, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस, असे म्हणण्याची रीत आहे. आपल्या शहरात बुढा तलाव आहे, तेलीबांधा आहे, मध्यभागी महादेवाचे देऊळ पाण्यात बुडालेला कंकाली तलाव आहे. महाराजबंधाशी तर आपले मराठी नाते आहे. त्याच्याजवळचे रामचंद्राचे मंदिर बिंबाजी भोसल्यांनी १७७५ च्या सुमारास बांधल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरांत सापडते. आणि रजबंधा? त्याचे आता मैदान झाले आहे. नावातला ‘बंधा’ तेवढा उरला, पाणी गेले. तळे बुजते तेव्हा त्याच्या जागेचा मालक कोण होता, हा प्रश्न बहुधा फार उशिरा विचारला जातो. आमच्या घरात तो विचारला गेला, तो मात्र तळे बुजविण्यासाठी नव्हे, जमीन विकण्यासाठी.

माझ्या आजोबांनी १९३८ साली रायपूर तहसिलीतील एका खेड्यात दोन एकर चाळीस डिसमिल जमीन विकत घेतली. (एका एकराचे शंभर डिसमिल, नागपूरकडून येणाऱ्या सुनांना हे माप प्रथम समजत नाही.) विक्रीपत्रात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस ‘तलाव’ एवढा एकच शब्द आहे. त्या शब्दावर आमच्या तीन पिढ्या निश्चिंत होत्या. जमीन पाण्यापर्यंत आमची, यात कोणाला शंका नव्हती. वडिलांच्या पश्चात आम्हा भावांत वाटणीचा विषय निघाला आणि शहरातील एक गृहस्थ खरेदीस आले. त्यांना धान पिकवायचे नव्हते. पाण्याकडे तोंड करून बंगला बांधायचा होता. भाव त्यांनी चांगला सांगितला, पण प्रश्न एकच केला : “पाण्यापर्यंत सलग तुमचेच आहे ना?” धाकट्या भावाने तत्काळ होकार दिला. माझी सरकारी प्रकृती. मी म्हटले, कागद पाहून सांगतो. त्या एका वाक्याने घरात जे पुढे झाले, ते सांगतोच.

आता आधी कागद. आपल्यापैकी ज्यांचे मूळ विदर्भात वा देशावर आहे ते सातबारा आणि आठ-अ मागतात, आणि येथील पटवारी गोंधळून पाहतो. येथे सातबाऱ्याच्या जागी खसरा आहे, त्याला पी-२ म्हणतात; आठ-अच्या जागी खतौनी, म्हणजे बी-१. फेरफाराला येथे नामांतरण म्हणावे. हे दोन्ही उतारे व गावाचा नकाशा आता ‘भुइयां’ या शासकीय संगणकीय दप्तरात घरबसल्या पाहता येतात. मीही तेथूनच आरंभ केला. बी-१ मध्ये आमचे क्षेत्र ०.९७१ हेक्टर होते; म्हणजे तेच दोन एकर चाळीस डिसमिल. मन शांत झाले. पण नकाशा उघडला आणि आमचा क्रमांक व तळ्याचा क्रमांक यांच्यामध्ये एक अरुंद, वाकडी पट्टी दिसली. तिला स्वतंत्र क्रमांक होता आणि खसऱ्यात ती शासकीय म्हणून नोंदली होती : तलाव पार.

‘पार’ म्हणजे तळ्याचा बांध. मराठीत पार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वडाचा पार येतो; छत्तीसगडीत तो पाणी अडविणारा मातीचा बंधारा होय. आमचे कुंपण त्या पाराच्या पलीकडे, थेट पाण्याच्या कडेला होते.

संगणकाने प्रश्न उभा केला. उत्तर देणे त्याच्या आवाक्यात नव्हते. चालू नोंद आज काय आहे ते सांगते, ती तशी का झाली हे सांगत नाही. त्यासाठी जिल्हा कचेरीच्या अभिलेखकोष्ठात जावे लागते. तेथे स्वातंत्र्यपूर्व बंदोबस्ताची मिसल असते. रायपूर जिल्ह्याचा पहिला इंग्रजी बंदोबस्त हेविट यांनी केला. त्याचा अहवाल १८६९ चा. त्यानंतरच्या प्रत्येक बंदोबस्तात जमिनींचे क्रमांक बदलत गेले. म्हणून आजचा क्रमांक घेऊन जुनी मिसल मागू नये, दुसऱ्याच कोणाचे शेत हाती येते. आधी जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणारी सूची पाहावी, मग जुना क्रमांक लिहून नकलेचा अर्ज करावा. माझे पहिले दोन अर्ज याच अज्ञानामुळे फुकट गेले. तिसऱ्या वेळी जे पान हाती आले ते कडेने वाळवीने खाल्लेले होते. तथापि क्षेत्राचा रकाना शाबूत होता. दोन एकर चाळीस डिसमिल. आजोबांच्या आधीच्या मालकाच्या नावेही तेवढेच, आणि पाराचा क्रमांक तेव्हाही वेगळा. म्हणजे विक्रीपत्रातील ‘पूर्वेस तलाव’ खोटा नव्हता; लिहिणाऱ्याने पाराला तळ्याचाच भाग मानले होते. आम्ही मात्र पाराला आपल्या शेताचा भाग मानले.

येथे बहुतेक लोक थांबतात. मी दोन कागद आणखी मागितले, आणि माझ्या मते तळ्याकाठी जमीन असणाऱ्याने हे दोन प्रथम पाहावेत. एक निस्तार पत्रक, दुसरा वाजिब-उल-अर्ज. जळण, चराई, वाट, पाणी, स्मशान अशा गावाच्या रोजच्या गरजांसाठी कोणती जागा राखलेली आहे, ते निस्तार पत्रकात असते. वाजिब-उल-अर्जात गावाची वहिवाट नोंदलेली असते : कोणाच्या जमिनीतून कोणाला वाट, कोणत्या पाण्यावर कोणाची पाळी, मासेमारी कोणाची. भू-राजस्व संहितेच्या कलम २४२ ने या नोंदींना आजही स्थान दिले आहे. आमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जात, अर्धी उर्दू अर्धी हिंदी अशा भाषेत, स्पष्ट लिहिले होते की वस्तीतील लोकांची पचरीवर, म्हणजे पायऱ्यांच्या घाटावर, जाण्याची वाट याच पारावरून आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. तळ्याविषयी बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : तळ्याची तळजमीन, तिचा पार आणि त्यातले पाणी. तिन्हींचा धनी एकच असेल असे नाही. मालगुजारीच्या काळात गावाचे तळे मालगुजाराचे म्हणविले जाई, वापर गावाचा असे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. पुढे १९५९ च्या संहितेतील कलम २५१ ने, बिनकब्जाच्या जमिनीवरील ज्या तळ्यांतून गावकरी सिंचन वा निस्तार करीत होते, ती सर्व शासनाकडे आली. ‘बिनकब्जाच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मालगुजाराने स्वतःच्या कब्जातील जमिनीत खोदलेले तळे याच न्यायाने आपोआप सरकारी होत नाही. म्हणून सरसकट ‘सगळी तळी सरकारी’ असे म्हणणारा आणि ‘आमच्या पूर्वजांनी खोदले म्हणून आमचे’ असे म्हणणारा, दोघेही कागद न पाहता बोलत असतात.

नदीकाठचा न्याय आणखी निराळा. खारून किंवा महानदीच्या काठी ज्यांची शेते आहेत त्यांना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने, जो आरंभापासूनच मध्यप्रांतास लागू होता, नैसर्गिक प्रवाहाचे पाणी पिण्यास, घरखर्चास, गुरांना आणि खालच्यांचे नुकसान न करता त्याच शेताच्या भिजवणीस घेण्याचा हक्क मानला आहे. तो हक्क वापराचा. नदीच्या पात्राची मालकी त्याने मिळत नाही. पुराने काठावर गाळाची नवी जमीन पडली तर कलम २०४ प्रमाणे ती शासनाची होते, फक्त लगतच्या भूमिस्वामीला ती वापरता येते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेतही नद्या, नाले, सरोवरे आणि तळी यांच्या तळजमिनी कलम २० अन्वये राज्याच्याच आहेत. कोकणात ज्यांचे घर समुद्राकाठी आहे त्यांच्यामागे १९९१ पासून किनारा नियमनाची अधिसूचनाही लागली आहे, पण ते प्रकरण स्वतंत्र व्याख्यानाचे.

पाण्यावरचा हक्क कागदावर किती सहज सरकतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. दुर्गजवळ बोरई येथे १९९८ साली शिवनाथ नदीच्या सुमारे तेवीस किलोमीटर पात्रातील पाणी उद्योगांना पुरविण्याचा करार एका खासगी कंपनीशी बावीस वर्षांसाठी झाला. काठावरच्या कोणाचीही जमीन गेली नव्हती, सातबारा म्हणा की खसरा म्हणा, अक्षरही बदलले नव्हते. तरी मासेमारी आणि उपशावर बंधने आल्याची ओरड झाली. राज्याच्या विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ मध्ये तो करार रद्द करण्याची शिफारस केली.

गावतळ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका मात्र कठोर आहे. २००१ मध्ये उत्तर प्रदेशातील हिंचलाल तिवारी यांच्या खटल्यात तळे ही समाजाची संपत्ती असून ती घरांसाठी वाटता येत नाही असे ठरले. २०११ मध्ये जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, तळे बुजवून घरे बांधलेल्यांनी पैसे भरून अतिक्रमण नियमित करून घेण्याची वाटही न्यायालयाने बंद केली. हा निकाल मी धाकट्या भावाला वाचून दाखविला. तो म्हणाला, “दादा, आपण तळे बुजविले नाही, नुसते कुंपण घातले आहे.” त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. शिवाय सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे ते कुंपण उभे होते, कोणी तक्रार केली नव्हती.

खरोखर केली नव्हती काय? माझ्या आत्या नागपूरला असतात, वय चौऱ्याऐंशी. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “अरे, ती वाट आपली कधीच नव्हती. लहानपणी मी त्याच पारावरून पचरीवर जात असे. गुरे शेतात शिरतात म्हणून तुझ्या वडिलांनी सदुसष्ट साली काटेरी तार ओढली, तेव्हा गावातल्या बायका आईकडे आल्या होत्या. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.” मग मी स्वतः गावात गेलो. तळ्याच्या मधोमध सरईच्या लाकडाचा खांब अजून उभा आहे. येथे तळ्याचे लग्न लावतात, तेव्हाचा तो. पलीकडच्या काठाने पूर्ण वळसा घालून डोक्यावर धुण्याची टोपली घेतलेली एक वृद्धा येत होती. तिला वाटेविषयी विचारले. ती तारेकडे हात करून म्हणाली, “रद्दा त एही डहर ले रहिस, बाबू.” वाट तर इकडूनच होती. आवाजात तक्रार नव्हती, एवढेच मला लागले.

मी कलम १२९ प्रमाणे सीमांकनाचा अर्ज केला. शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, राजस्व निरीक्षक साखळी घेऊन आले. कुंपणाच्या आत दोन एकर चौपन्न डिसमिल भरले. चौदा डिसमिल पाराचे. ज्या गृहस्थांना बंगला बांधायचा होता त्यांनी नम्रपणे नमस्कार केला आणि ते दुसरीकडे गेले. शेताच्या भावाने आलेला पुढचा ग्राहक जी किंमत सांगत होता ती पहिलीच्या निम्म्याहून कमी. धाकट्या भावाची मुलगी त्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाला जात होती, पैशाची निकड त्याला होती, मला नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होते. तो म्हणाला, “तुम्ही कागद पाहिलेच नसते तर?” या प्रश्नाला माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते, आजही नाही. माझ्या वाट्यातील काही रक्कम मी त्याला देऊ केली. त्याने ती घेण्यास पुष्कळ दिवस लावले.

तार आम्ही दोघांनी मिळून काढली. तो आला, हे मी विसरणार नाही. खांब उपटताना एक खोल रुतलेला होता, तो निघेना; शेवटी तो तसाच कापून टाकला. त्याचा बुंधा अजून वाटेत आहे आणि बायका त्यावर टोपली टेकवून क्षणभर थांबतात.

जमीन अद्याप विकलेली नाही. कोणाला मिसलीच्या नकलेचा अर्ज कसा लिहावा हे पाहायचे असेल, तर माझ्या तीनही अर्जांच्या प्रती मी सोबत आणल्या आहेत. फसलेले दोन आधी पाहावेत.