जळालेले रोहित्र आणि वर्गातला शिक्षक

(अभियंता दिनानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



या नगरीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले ते १९६० साली. आज मराठवाड्यात महाविद्यालयांची वाण नाही. वाण आहे ती यंत्र उघडून पाहिलेल्या शिक्षकांची. म्हणूनच आज मुंबईच्या आयआयटीतील प्रा. एस. व्ही. कुलकर्णी यांच्याविषयी बोलावेसे वाटते.

अध्यापनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जमध्ये दहाएक वर्षे रोहित्रांचे काम केले. त्या अनुभवाची शिदोरी प्रा. एस. ए. खापर्डे यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात उतरली. रोहित्रांच्या रचनेवरील हा इंग्रजी ग्रंथ २००४ साली आला. २०१२ साली त्याची वाढीव आवृत्ती निघाली. लघुपरिपथाच्या वेळी वेटोळ्यांवर येणारा ताण, टाकीच्या पोलादात वाया जाणारी ऊर्जा, विद्युतरोधन, शीतन यांना त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. आपल्या पदवीच्या वर्गात हे विषय बहुधा दोन तासांत उरकले जातात!

याचे मोल मुंबईपेक्षा आपल्या शिवारात अधिक. रब्बीत डीपी जळते, गहू-हरभरा माना टाकतो आणि शेतकरी कार्यालयाचे उंबरठे झिजवतो. ती का जळते? आकडे टाकून भार वाढतो, तोही तिन्ही फेजवर सारखा नसतो. तेल कमी झालेले असते. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असते. वेटोळ्यावरील साध्या कागदाचे सर्वांत तापलेल्या जागचे तापमान ९८ अंशांच्या वर गेले, की पुढील दर सहा अंशांमागे त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. लघुपरिपथात प्रवाह दसपट झाला, तर वेटोळ्यांवरील बल शंभरपट होते. समतुल्य परिपथ बिनचूक काढून पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे त्या शेतकऱ्याला समजावून सांगता येईल? दोष विद्यार्थ्यांचा नाही. त्यांच्या शिक्षकालाही कुणी कारखाना दाखवलेला नसतो.

प्रा. कुलकर्णी यांची विद्युत यंत्रांवरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या शिक्षकांनी ती ऐकावीतच. पण तेवढ्याने भागणार नाही. समोर महावितरणमधून निवृत्त झालेले काही ज्येष्ठ बसलेले दिसतात. आपल्याला एकच विनंती. यंदाच्या रब्बीत जळालेली एक डीपी रीतसर परवानगीने महाविद्यालयात आणवावी आणि मुलांच्या हातून ती उघडवून घ्यावी. शिक्षकांनाही तेव्हा बाजूला उभे राहू देऊ नका.