ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतल्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, जुन्नर-आंबेगावकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या कशा उभ्या केल्या, तेही तुम्ही ऐकलेलं आहे. मला आज एकच सांगायचंय: ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही.

तिथं विरळ वायू आहे, त्यात सुटे इलेक्ट्रॉन आहेत. घन सेंटीमीटरला सरासरी शतांशांत मोजावे इतकेच. पण हा वायू खवळलेला असतो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, त्यांचे आणखी लहान. कुठे इलेक्ट्रॉन दाट, कुठे विरळ. त्यातून येणाऱ्या रेडिओलहरी किंचित वाकतात.

आता शाळा सुटते तेव्हाचं बघा. घंटा झाली, पोरं एकदमच फाटकाबाहेर पडली. काही सरळ सडकेनं घरी येतात, काही उसाच्या बांधावरून, काही पार कालव्यापर्यंत जाऊन. पहिली वेळेवर पोचतात, बाकीची किती तरी वेळ एकेक करून येत राहतात. पल्सार म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओलहरींचे स्पंद पाठवणारा तारा; त्याचा स्पंदही असाच पोचतो: चढ उभा, उतार लांबलचक. त्यातही धाकटी पोरं जास्त भरकटतात, तशा कमी कंप्रतेच्या लहरी. कंप्रता निम्मी केली की हा उतार ढोबळ मानानं 16 पट लांबतो. आणि जीएमआरटी नेमकी कमी कंप्रतेवर ऐकते!

म्हणून कुणी या उशिराला नुसती कटकट म्हणालं, की मला राग येतो. पोरं किती उशिरा आली यावरून घरच्या माणसाला वाटेची कल्पना येते ना? तसा हा उशीर त्या वायूचीच खबर आणतो. जागा रिकामी असती तर उशीर झालाच नसता. पुन्हा सांगतो, रिकामी नाही.

ही खबर कामालाही येते. 2023 साली भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या. त्यात जीएमआरटीची मोजणी होती. या लहरींमुळे पल्सारच्या स्पंदांच्या वेळेत पडणारा इतका बारीक फरक पकडायचा, तर वाटेतल्या वायूनं किती उशीर केला हे आधी वजा करावं लागतं. हा वायू जागचा हलतो, त्यामुळे वजाबाकी एकदा करून भागत नाही, परत परत करावी लागते.

वेळ संपत आली. याच वायूमुळे होणाऱ्या पल्सारच्या लुकलुकण्याबद्दल बोलायचं राहिलंच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे त्या लुकलुकण्याची गती वर्षभरात बदलते आणि त्यावरून वायूचा ढग किती दूर आहे, हे… असो, ते पुढच्या खेपेला.