गच्चीवरची माती



ज्येष्ठातील लू सुटली की अमौसीतील सपाट छपरांखाली काय हाल होतात, हे येथे कुणास सांगावयास नको. दिवसा तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडीत राहतो. आम्ही कूलर लावून खोली निववितो. छपराचा विचार मात्र करीत नाही.

मुंबईकरांना हा विचार अपरिचित नसावा. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे हँगिंग गार्डनमध्ये, आपल्यापैकी अनेकजण हिंडले असतील. पण आपण एका छपरावरून चालत आहो, हे कितीजणांच्या ध्यानी आले? त्या हिरवळीखाली एकोणिसाव्या शतकातील जलाशय आहे. २०२३ साली तो पाडून नवा बांधण्याचा बेत पुढे आला, तेव्हा तेथील झाडांसाठी नागरिक उभे राहिले.

मातीचा थर ऊन अडवितो; पाने बाष्प सोडताना उष्णता शोषून घेतात; पावसाची पहिली सर गटाराकडे न धावता मुळांशी थांबते. रोजच्या तापण्या-निवण्यातून स्लॅबचीही पुष्कळशी सुटका होते.

म्हणून कुणी उद्याच मातीची पोती वर चढवू नयेत! दहा सेंटिमीटरचा मातीचा थर भिजला की दर चौरस मीटरवर १५० ते २०० किलो भार पडतो, आणि वावरावयाच्या गच्चीसाठी भारतीय मानकाने धरलेला वापराचा भार सुमारे १५० किलोच आहे. येथे प्रयोग परिवाराचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांची दृष्टी आम्हांस मोलाची वाटते. उसाचे चिपाड, पालापाचोळा, भाजीची देठे कुजवून केलेली हलकी, काळी माती झाडांस पुरते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने भाजी व फळझाडे वाढविली. आपल्या उत्तर प्रदेशात तर चिपाडाला तोटा नाही.

आधी स्लॅब जाणत्या इंजिनिअरास दाखवावा, गळती बुजवावी, पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. पत्र्याच्या छपरावर हा खटाटोप करूच नये. अमौसीकरांस आणखी एक पथ्य आहे. विमानतळ शेजारी असल्याने ओला कचरा उघडा टाकून घारी-कावळ्यांस आमंत्रण देणे धोक्याचे. खताचे पिंप घट्ट झाकणाचेच हवे.